शिवलेली पुरचुंडी

खलाशाने रुखमाच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं नाही की सवरलं नाही, सरळ लाँचवर भिरकावली. धक्का आणि लाँच यांच्यामध्ये हातभर काळं पाणी होतं. पिशवी त्या पाण्यावरून गेली, एवढंच. पलीकडे तिच्या नवऱ्याने, उकंडा मास्तरांनी, ती दोन्ही हातांनी झेलली आणि पोरासारखे हसले. बाकीच्या बायांच्या पिशव्याही अशाच उडत होत्या, कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण रुखमाच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला आणि तिचा पाय फळीवरच अडला. पिशवी पाण्यावर होती तेवढ्या वेळात तिच्या मनात दोन गोष्टी एकदमच येऊन गेल्या होत्या. पडू दे. नको पडू देऊ. त्यातली आधी कोणती आली ते तिला सांगता आलं नसतं, आणि तेच तिला भिववत होतं. मागच्या माणसाने "चला बाई, पुढं व्हा" म्हटलं तेव्हा ती हलली.

पिशवीत तसं काय होतं? पंढरकवड्याहून आणलेल्या भाकरींचे वाळून कडक झालेले तुकडे, ठेचा, मुंबईतल्या चुलतदिराच्या, श्रावणच्या बायकोने दिलेला चिवडा, पोरीचा एक झगा. आणि तळाशी, जुन्या पोलक्याच्या बाहीत गुंडाळलेली, लिंबाएवढी एक पुरचुंडी. लाल कापडाची, चारी बाजूंनी जाड दोऱ्याने शिवलेली, हळद-शेंदूर बसून बसून कडक झालेली. तिच्यात घरचे देव होते. म्हणजे आता ते घरचे म्हणायचे नव्हते. सात वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर राळेगावकडच्या त्यांच्या गावातल्या सगळ्या वस्तीने टोपल्यांत घालून आपापले देव वर्धा नदीच्या डोहात सोडले होते, आणि त्या टोपल्यांच्या पुढे चालणारा माणूस उकंडा मास्तर होता. अजूनही कुठे सभा झाली की मास्तर ती गोष्ट सांगत. माझ्या बायकोनं सोताच्या हातानं देव सोडले, डोळ्यात टिपूस नाही. लोक टाळ्या वाजवत. रुखमा मागच्या रांगेत बसून पदराचं टोक चावत राही. टिपूस कुठून येणार, तिने सोडला होता खलबत्त्यातला बत्ता.

त्याची लाज तिला होतीच, पण त्या दिवशी दुसरं काही करणं तिच्या हाती होतं असं तिला आजही वाटत नव्हतं. लग्नाला दहा वर्षं झाली होती. तीनदा पोट राहिलं आणि तीनदा गेलं. आणि नेमकं त्या आश्विनात चौथं होतं, चार महिन्यांचं. बाहेर लोक जयभीमच्या घोषणा देत होते, मास्तर दारातून म्हणाले, "आण वो, आपली गाठोडी आण," आणि ती आतल्या खोलीत कोनाड्यासमोर उभी राहिली. नव्या धम्मावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. नागपूरला त्या पांढऱ्या गर्दीत उभं राहून तिने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिला आपला कणा सरळ झाल्यासारखा वाटला होता. पण पोटातलं ते कुठे प्रतिज्ञा घेऊन आलं होतं? देवांनी त्याच्यावर राग काढला तर? तिने हाताला लागला तो बत्ता लाल चिंधीत बांधला, पुरचुंडी मातीच्या कोठीत तुरीखाली खुपसली, आणि सगळ्यांच्या बरोबर नदीवर जाऊन आपला बत्ता डोहात सोडून आली. त्याचा आवाज छान खोल आला. फाल्गुनात पोरगी झाली, धडधाकट. मास्तरांनी हौसेनं नाव ठेवलं सत्यशीला. त्या नावाने हाक मारताना रुखमाची जीभ पहिलं वर्षभर अडखळे.

लाँचने भोंगा दिला आणि धक्का मागे सरकू लागला. काल सहा डिसेंबर होता. दादरच्या चौपाटीवर मेणबत्ती घेऊन रांगेत उभं राहताना समुद्र वीस पावलांवर होता, आणि पुरचुंडी पोलक्यात होती. तिथे टाकावी तर चोरी तिथेच कबूल केल्यासारखी झाली असती. तिला धीर झाला नाही. मग रात्री श्रावणने, म्हणजे मास्तरांच्या चुलतभावाने, जो गोदीत कामाला होता, म्हटलं, "दादा, इतक्या दूर आलेच हा, तर उद्या घारापुरी पाहून जा. बेट हाये. मोठीमायलेबी लाँचमधी बसवू." मोठीमाय म्हणजे मास्तरांची आई. आणि रुखमा, जी कधी कुठे जाऊ म्हणत नसे, ती म्हणाली, जाऊ. मास्तर चकितच झाले. तिला बेट पाहायचं नव्हतं. तिला मधलं पाणी पाहिजे होतं. पंढरकवड्याची खुनी नावाची नदी उन्हाळ्यात वाळू होऊन जाते, टाकलेलं सगळं वर येतं. विहिरीचा गाळ काढतात. आणि मास्तरांनी यंदा पत्र्याची कोठी आणली होती, मातीची फोडली होती. घरात पुरचुंडीला जागा उरली नव्हती. समुद्राचा गाळ तरी कोणी काढत नसेल.

"बेट म्हणजे काय, सत्यशीला?" मास्तर विचारत होते.

"चारी बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा भाग."

"शाब्बास."

मास्तर सुटीवर आले तरी शाळा बरोबर घेऊन येत. श्रावण बोट दाखवून सांगत होता, ते तेलाच्या टाक्यांचं बेट, तिथे उतरू देत नाहीत, त्याच्यामागे दिसतं ते हिरवं, दोन उंचवट्यांचं, ते आपलं. पाण्यावर ऊन पसरलं होतं. पांढरे पक्षी लाँचच्या मागे मागे येत होते आणि कोणी चिवड्याचा दाणा टाकला की खाली येत होते. तानाबाईने, सासूने, कठड्यावरून आलेला शिंतोडा बोटाने पुसून जिभेला लावला होता. "एवढं पाणी," ती म्हणाली, "अन् डाळ शिजवाच्या कामाचं नाही." साठीची बाई, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहत होती, आणि बाजारात महागाचं लुगडं पाहावं तसं पाहत होती, न घेण्याच्या हिशेबाने. रुखमाला हसू आलं. ते तिचं तिलाच नवल वाटलं. मग लगेच पोरगी कठड्याशी वाकली आणि तिने तिचा झगा इतक्या जोरात ओढला की शिवण उसवली.

कारण नुसतं ठेवून घेण्यापर्यंतच गोष्ट असती तर पुरचुंडी तिने कधीच कुठेतरी टाकली असती. पोरगी तीन वर्षांची असताना, साठ सालच्या श्रावणात, तिला ताप भरला. तेव्हा मास्तरांची शाळा पंढरकवड्यापासून चार कोसांवर होती आणि मास्तर ट्रेनिंगला यवतमाळला गेले होते. पाचव्या दिवशी पोरीने डोळे फिरवले. नाल्याला पूर होता, एस.टी. बंद. रुखमाने कोठीत हात घालून पुरचुंडी काढली, पोरीच्या कपाळाला लावली आणि म्हणाली, हिले ठेवलं तर मी तुले कधीच टाकणार नाही. असं बोलून झाल्यावर मग तिने पोरीला कडेवर घेतलं आणि चिखलातून दवाखान्याची वाट धरली. पोरगी वाचली. तेव्हापासून रुखमाच्या मनात ते पक्कं बसलं होतं. शब्द दिला, देवानं पोरगी ठेवली, आता तिची पाळी. दरवर्षी पोरगी एक बोट वाढे आणि रुखमाला वाटे, हे उसनं आणलेलं लेकरू. मास्तर घरात येऊन टोपी खुंटीला अडकवत, पोरीला पाढे विचारत, आणि ती चुलीपाशी बसून त्यांच्याकडे पाहत नसे. सात वर्षं तिने नवऱ्याच्या नजरेला नीट नजर दिली नव्हती, आणि त्या भल्या माणसाला वाटत होतं बायको लाजाळू आहे. आता तिला नवऱ्याशी खोटेपणा आणि देवाला दिलेला शब्द, दोन्हींपासून एकाच वेळी सुटायचं होतं. पुरचुंडी टाकली तर नवऱ्याशी खोटेपणा संपेल. पण टाकली तर पोरीचं काय?

ओहोटी होती, लाँच अलीकडेच थांबली आणि सगळ्यांना लहान होडीत उतरवलं. तिच्यात गुडघ्याला गुडघा लागून माणसं बसली, पिशवी मांडीवर, पोरगी पिशवीवर, आणि जायच्या खेपेचं पाणी असंच संपून गेलं. मग पायऱ्या चढणं आलं. तानाबाई मध्ये मध्ये बसूनही अशा वेगाने चढली की मास्तरांनाच दम लागला. वरच्या लेण्यात शिरल्यावर थंडावा अंगावर आला, आणि डोळे अंधाराला सरावले तसा समोर भिंतीतून देवाचा चेहरा बाहेर आला. तीन चेहरे. मधल्याचे डोळे मिटलेले. रुखमा खांबाच्या आड झाली. तिला वाटलं होतं तो बघेल, तिच्या पिशवीकडे बघेल. तो कोणाकडेच बघत नव्हता. मास्तर पोरीला सांगत होते, हे शिल्प आहे, माणसाच्या हाताने केलेलं, छिन्नीने, आपल्यासारख्याच माणसांनी, आणि शिल्प म्हणून पाहायला काही हरकत नाही. बाजूच्या भिंतींवरच्या मूर्तींचे हात तुटलेले होते, मांड्या फुटलेल्या होत्या, छताशी पारवे घुमत होते. श्रावण म्हणाला, बाहेरच्या मुलखातल्या शिपायांनी गोळ्या घालून फोडले म्हणतात. एवढे मोठे, आणि आपला हात वाचवू शकले नाहीत, असं रुखमाच्या मनात आलं, आणि आलं तसं तिने जीभ चावली. पुरचुंडी इथेच ठेवून जावी का? त्याच्या घरी त्याला. तिने पिशवीत हात घातला तर पहारेकरी लांबूनच म्हणाला, "बाई, फुलं-बिलं वाहायची नाहीत, इथं पूजा नाही." तिने हात बाहेर काढला. चिवड्याचा कण बोटाला चिकटून आला होता, तो तिने खाऊन टाकला.

परतीच्या लाँचला वारा सुटला होता. सकाळचं पाणी आता राहिलं नव्हतं. लाँच एका अंगाने उचलली जाई आणि मग पोटातलं सगळं वर आणत खाली येई. मास्तर आणि श्रावण पुढच्या बाजूला उभे होते, मागे इंजिनापाशी बाकावर या दोघी आणि मध्ये पोरगी. दुसरं कोणी जवळ नव्हतं. अशीच जागा तिला पाहिजे होती. आता. तिने पिशवीच्या तळाशी हात नेला, पोलक्याच्या बाहीतून पुरचुंडी सोडवली, मुठीत घेतली. नुसता हात कठड्याबाहेर न्यायचा आणि उघडायचा होता. तेवढ्यात सत्यशीला वाकली आणि भडभडून ओकली. वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता, ओठांना रंग नव्हता, डोळे अर्धवट मिटत होते. पाचव्या दिवशी फिरवले होते तसेच, रुखमाला वाटलं, अगदी तसेच. अजून टाकलीसुद्धा नाही, नुसती मुठीत घेतली, आणि त्याला कळलं. तिच्या कानात इंजिनाचा आवाजच राहिला नाही. तिने पोरीला छातीशी ओढलं, पुरचुंडी तिच्या कपाळाला लावली, मग आपल्या, मग परत तिच्या, आणि पुटपुटत राहिली, नाही टाकत, नाही टाकत, चुकली मी. सासू हातभर अंतरावर बसली आहे हे ती साफ विसरली होती.

"आण इकडे," तानाबाई म्हणाली.

"काय?"

"जे पोट्टीच्या कपाळाले लावून राह्यली ते. अन् तिले आडवी कर. लाँच लागली तिले, दुसरं काही नाही. मलेबी मळमळून राह्यलं."

रुखमाची मूठ सुटेना. तानाबाईने ती एकेक बोट करून सोडवली. पुरचुंडी हातात आल्यावर ती थोडा वेळ नुसती धरून बसली. रुखमाला वाटलं आता ती हाक मारेल, उकंडा, इकडे ये, पाह्य तुझ्या बायकोचं. त्याऐवजी तानाबाईने दोरा दातात धरला आणि तोडला.

"नोका उकलू, आत्याबाई. देव हायेत त्याच्यात."

"शिवण माझीच हाये. मले माहीत नाही का काय हाये ते?"

कापड उघडताना कडाडलं. आत देव नव्हते. दोन गोटे होते, नदीतले. एक तांबूस, एक त्याहून लहान, पांढरा. रुखमाने ते बोटाने हलवून पाहिले, खाली काही आहे का म्हणून कापड चाचपलं.

"देव कुठी गेले?"

"देव मी कवाच टाकले डोहात. तुझा नवरा जन्माले याच्या आधी." तानाबाई समुद्राकडे पाहत बोलत होती, आवाज चढवून, कारण इंजिन मध्ये येत होतं. "गावात पटकी आलती. माही मोठी पोरगी सकाळी गेली अन् पोरगा दिवस बुडता बुडता. दोघाईले नदीच्या काठावर पुरलं. घरी आली तर देव आपले कोनाड्यात बसून, हळद लावून. मले असा राग आला. उचलले अन् नेऊन टाकले. येताना पोराईच्या जागेवरचे हे दोन गोटे उचलले. मामंजीले काय सांगू? शिवून ठेवले कोनाड्यात. त्याईनं मरेपर्यंत हळद लावली."

पुढचं रुखमाला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. आधीची दोन जगली नाहीत म्हणून तिसरं झालं तसं त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं, कोणाची नजर जाऊ नये म्हणून, आणि नाव ठेवलं उकंडा. ती आधीची दोन कोण, कशी, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. सासू देवांवर इतकी रागावली होती आणि तरी पोराला उकिरड्यावर ठेवायला विसरली नव्हती, हे रुखमाला अगदी नीट समजलं. तिनेही तेच केलं असतं.

"मंग हिले बरं कोणं केलं?" तिने विचारलं. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"कोणं म्हणजे?" तानाबाईने तिच्याकडे पाहिलं, मूर्ख पोरीकडे पाहावं तसं. "चार कोस चिखलात तू तिले कड्यावर आणलं. मी मागून तुमच्या डोक्यावर पोतं धरून चालत होती. एक डाव खाली ठेवली नाही. मी म्हटलं दे घडीभर, तर दिली नाही. डाक्तर म्हणे अजून दोन घंटे उशीर झाला असता तर हाती लागली नसती. गोट्याईनं चालून दाखवलं का चार कोस?"

रुखमाला त्या वाटेचं काहीच आठवत नसे, आणि आता आठवलं. कमरेत भरलेली कळ, हात बधिर होऊन लाकडासारखा झालेला, पोरीचं गरम डोकं गळ्याशी, मागून सासूचं "दे वो, दे घडीभर." तीन वर्षं तिने ते सगळं एका पुरचुंडीच्या नावावर घालून ठेवलं होतं. ते तिचं होतं. पोरगी उसनी नव्हती.

"तुमाले माहीत होतं मी टाकली नाही म्हणून?"

"देव सोडाले गेले तवा मी घरीच बसली होती. म्हटलं जाऊ दे, आपली पोरं गेली पाण्यात. अडवू तर कसं अडवू, उकंडाच पुढं. संध्याकाळी लसूण कुटाले बसली तर बत्ता नाही. मंग समजलं." तानाबाईने तांबूस गोटा अंगठ्याने पुसला. "त्या दिवशी मी निवांत झोपली, रुखमे. कोठीत तुरीखाली हायेत हे पाहूनबी आलती."

"मंग मले सांगतलं काहून नाही? सात वर्सं माहा जीव जाऊन राह्यला."

"तू मले सांगतलं का?"

यावर रुखमाला आधी रडू आलं आणि मग त्याच्यातूनच हसू फुटलं, नाकातोंडातून, लाज वाटावी असं. तिने पदर तोंडात कोंबला तरी ते थांबेना. तानाबाईलाही हसू यायला लागलं होतं, पण ती तसं दाखवणारी बाई नव्हती. अंग इतकं हलकं झालं होतं की लाँच वर उचलली गेली तेव्हा रुखमाला ते आवडलं. त्या हसण्याने बाकावर आडवी झालेली सत्यशीला जागी झाली, गालाला रंग आला होता, आणि म्हणाली, "माय, मले भूक लागली." रुखमाने तिला भाकरीचा तुकडा दिला. पोरगी तो वाळका तुकडा कुरतडत बसली. ती चावते कशी, गिळते कशी, हे रुखमा पाहत राहिली, आणि पहिल्यांदाच ते पाहताना तिच्या मनात दुसरं काही आलं नाही.

मास्तर कठड्याला धरत धरत मागे आले. "काय चाललं सासू-सुनेचं?" म्हणता म्हणता त्यांची नजर तानाबाईच्या मांडीवरच्या लाल कापडावर गेली. लहानपणापासून पाहिलेलं कापड. त्यांचा चेहरा उतरला. ते रुखमाकडे पाहू लागले, आणि रुखमाने नजर खाली घातली नाही.

"मी देव सोडलेच नव्हते," ती म्हणाली. "बत्ता सोडला होता. भेव वाटलं मले, पोट होतं म्हणून. आता सभेत ते सांगत जाऊ नका."

मास्तरांनी हातातल्या टोपीची घडी घातली, उलगडली. सात वर्षांच्या सभा त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. "म्हणजे हे..." ते म्हणाले, "हे देव इतके दिवस घरात होते?"

"देव नव्हते ते. बसा मायजवळ." तिने पोरीला मांडीवर घेऊन जागा केली. "तुमची बहीण हाये ही. अन् भाऊ हाये."

ते बसले. मायच्या हातातले गोटे त्यांनी आपल्या तळव्यावर घेतले. शाळेत पोरांना प्रश्न विचारणारा तो माणूस, पण हा प्रश्न विचारायला त्यांना फार वेळ लागला. बेट मागे लहान होत गेलं, खलाशी दोर आवरायला लागला.

"नावं काय होती, माय?"

तानाबाईने सांगितली, पण चाळीस वर्षांत ती नावं तोंडातून निघाली नव्हती, ती इंजिनाच्या आवाजात विरून गेली. मास्तरांनी कान पुढे केला. तानाबाईने घसा साफ केला.

"मैना," ती मोठ्याने म्हणाली, पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहतील इतक्या मोठ्याने. "अन् हा किसन."